मौन म्हणजे संमती नव्हे
(गोंदिया येथील भाषणाचा मजकूर)



धानाच्या हंगामात गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या खिशातला मोबाईल ही चैनीची वस्तू राहत नाही. धानाचे पैसे खात्यावर जमा झाल्याचे त्याला बँकेच्या संदेशावरून कळते. देवरी-सालेकशाच्या बाजूला बँकेत चौकशीला जायचे, तर मजुराचा दिवस बुडतो. तेथे त्या दोन ओळींना मोल आहे. पण कर्जे, भूखंड आणि जुगारी खेळ यांच्या अनाहूत जाहिरातींच्या ढिगाऱ्यात त्या ओळी गाडल्या जातात आणि त्याच ढिगाऱ्यात एखादा फसवा संदेशही बेमालूम मिसळून जातो.

या उपद्रवामागे साधे अर्थकारण आहे. संदेश धाडणाऱ्याला त्यासाठी काही पैसेच पडतात. हजारात एक गिऱ्हाईक मिळाले तरी त्याचा धंदा चालतो. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचा वेळ व मनस्ताप त्याच्या हिशेबवहीत कोठेच येत नाही. कारखानदाराने सांडपाणी नदीत सोडावे आणि त्याची किंमत गावाने मोजावी, तसाच हा प्रकार आहे. नफा खाजगी, भुर्दंड मात्र सर्वांचा!

शासनयंत्रणेने काहीच केले नाही असे नाही. 2007 मध्ये नको असलेल्या विक्री-दूरध्वनींविरुद्ध राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2010 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये नवे विनियम केले. परंतु मूळ दोष कायम राहिला. ज्याने 'नको' असे नोंदवले नाही, त्याला जाहिरात चालते असे गृहीत धरले जाते. युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशात अशा संदेशांसाठी पूर्वसंमतीचे तत्त्व स्वीकारले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मग हक्क राखण्याचा भार नागरिकाच्याच शिरावर का? ज्याला नोंदणीची वाट ठाऊक नाही, त्याचे मौन ही संमती कशी ठरते?

तत्त्वाचा लढा चालू ठेवतानाच हाती असलेले साधन वापरले पाहिजे. 1909 या क्रमांकावर दूरध्वनी करून सर्व व्यापारी संदेश बंद करण्याची नोंद करता येते. बँकेचे व्यवहारविषयक संदेश त्याने थांबत नाहीत. 2025 च्या दुरुस्तीनंतर तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. साध्या, नोंदणी नसलेल्या क्रमांकावरून जाहिरात आल्यास आधी नोंद केलेली नसली तरी तक्रार करता येते. अशा क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू व्हावी, असा नियम आहे. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. वारंवार गुन्हा करणाऱ्याची सेवा वर्षभर तोडली जाऊ शकते.

पाच तक्रारी! एकट्या माणसाची तक्रार वाऱ्यावर जाते. एका मोहल्ल्यातील पाच जणांची खरी तक्रार यंत्रणेला हालवू शकते. संघटनेचे बळ याहून सोप्या शब्दांत कोणता पाठ सांगेल? आठवडी बाजारात कार्यकर्त्याने तासभर बसावे, लोकांची नोंद त्यांच्याच हातांनी करून द्यावी. मात्र कोणाचाही गुप्त क्रमांक विचारू नये. पैसे लुबाडले गेले असतील तर त्याच क्षणी 1930 वर कळवण्यास सांगावे.

ही डागडुजी आहे. खरी मागणी एकच: आधी संमती, मग संदेश.