दगडी सभागृहांचे बंध



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली, तेव्हा शाळा रिकाम्या होत्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले ते सकाळी. अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताकदिनाच्या फेरीत निघालेली मुले दुतर्फा कोसळलेल्या घरांखाली गाडली गेली. छत्रपती संभाजीनगरातील जुन्या शालेय सभागृहांचा विचार या दोन्ही वेळा ध्यानी ठेवून व्हावयास हवा.

२००२ च्या भारतीय मानकाने हे शहर सर्वांत कमी जोखमीच्या विभागात ठेवले, यावर अनेकांची भिस्त असते. १९९३ पूर्वी किल्लारीही अशाच विभागात होती!

त्या भूकंपानंतर मराठवाड्याने दगडाचीच धास्ती घेतली. वास्तविक अपराध दगडाचा नव्हता. मातीत रचलेल्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते, आणि माथ्यावर माळवदाचा भार होता. चुन्यात बांधलेल्या शहरी वास्तू त्याहून बऱ्या. परंतु सभागृहाचे दुखणे निराळे. वर्गखोल्यांच्या आडव्या भिंती लांब भिंतींना आधार देतात. सभागृहात ती लांब भिंत एकटीच उभी असते. तिच्यावर छपराच्या कैच्या पुष्कळदा नुसत्या टेकलेल्या, टोकाची त्रिकोणी भिंत निराधार. आणि स्नेहसंमेलनाला सगळी शाळा नेमकी याच भिंतींमध्ये बसते.

पाडून नवे बांधा, असा सल्ला सर्रास मिळतो. १९१५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे गोविंदभाई श्रॉफ यांनी धुरा वाहिलेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्था ज्या शहरात निजामी राजवटीत उभ्या राहिल्या, तेथे हा सल्ला इतक्या सहज मानू नये.

भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार छिद्रे घेऊन सळई-काँक्रीटचे बंध घालता येतात. छपराच्या पातळीला चारही भिंतींना जखडणारा पट्टा देता येतो. कैच्या भिंतींना बोल्टांनी बांधून त्यांच्यात तिरपे आधार बसविता येतात. पोकळ्यांत चुन्याचेच पातळ मिश्रण भरावे. सिमेंटचा गिलावा जुन्या भिंतीतील ओल कोंडतो. यातील बरेचसे काम आतून होते. दर्शनी घडीव दगड, कमानी, सागवानी कैच्या जागच्या जागी राहतात.

आधुनिकीकरणाच्या नावाखाली पुष्कळदा घडते ते उलटेच. कौले उतरवून स्लॅब ओतला जातो, वर पाण्याची टाकी चढते, रंगमंच रुंद करण्यासाठी भिंत कापली जाते. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी तेवढी भक्कम बसते!

पैसा एकदम उभा राहत नसेल, तर जाणत्या अभियंत्याकडून तपासणी करून घेऊन आधी त्रिकोणी भिंत व कैच्या, मग पट्टा, मग बंध असे टप्पे पाडता येतील. रंगकाम शेवटी. सभागृहाची दारे बाहेर उघडतात की आत, हे मात्र येत्या संमेलनापूर्वीच पाहून घ्यावे.