मान वळते, चित्र अडखळते

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवरील रसाळ व्याख्यानांनंतर, संगणकावरील विमानोड्डाणाच्या खेळात मान वळविली असता चित्र का अडखळते, या विषयावर बोलावयास आम्ही उभे राहिलो आहोत. विषय ऐकून काही ज्येष्ठ सभासदांच्या चेहऱ्यावर उमटलेले स्मित आमच्या नजरेतून सुटलेले नाही. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आयुष्य सरकारी टिपण्या लिहिण्यात गेलेले. तरीही हा विषय आम्ही निवडला, याचे कारण असे की आपल्या मंडळातील अनेक घरांतून आज हा खेळ चालतो, त्यापायी पैसा खर्च होतो, आणि क्वचित एखाद्या मुलाच्या वा मुलीच्या भवितव्याशीही त्याचा संबंध पोहोचतो.

प्रथम या खेळाची कुळकथा थोडक्यात सांगतो. जमिनीवर बसून उडण्याचा सराव करावा, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाच्या गृहस्थांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनच्या भात्यांनी हवा भरून व सोडून एक छोटी पेटीवजा विमानाची खोली हलती ठेवावी, अशी युक्ती लिंक यांनी योजिली आणि 1929 च्या सुमारास शिकाऊ वैमानिकांसाठीचे यंत्र सिद्ध केले. म्हणजे आपल्या भजनातील पेटीचा भाता आणि वैमानिकाचे शिक्षण यांचे नाते जुने आहे. पुढे 1979 साली ब्रूस आर्टविक यांचा फ्लाइट सिम्युलेटर ॲपल 2 या संगणकासाठी विक्रीस आला, 1982 साली मायक्रोसॉफ्टने त्याची आपली आवृत्ती काढली, आणि आज त्याच परंपरेतील खेळात आपल्या गावाचे रस्ते व नद्याही वरून दिसतात.

आता प्रश्न असा, की खऱ्या विमानात वैमानिक केवळ समोर पाहत नाही. धावपट्टीला समांतर उडत असता ती खांद्यामागे किती राहिली हे मान वळवून पाहावे लागते. पट्टीचे टोक पंखाच्या मागे सुमारे 45 अंशांवर दिसू लागले की वळण घ्यावयाचे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. घरी पडदा मात्र एकच, तोही नाकासमोर. यावर उपाय म्हणून हेड ट्रॅकिंग आले. पडद्यावर बसविलेला कॅमेरा आपल्या डोक्याच्या हालचाली टिपतो आणि त्यानुसार खेळातील दृश्य फिरते. ट्रॅकआयआर या उपकरणात टोपीवर लावलेले चमकते ठिपके इन्फ्रारेड प्रकाशात ओळखले जातात. ओपनट्रॅक या विनामूल्य प्रोग्रॅमद्वारे साध्या वेबकॅमवरूनही चेहरा ओळखून हेच काम करता येते. डावी-उजवीकडे वळणे, वर-खाली पाहणे, खांद्याकडे कलणे, आणि शरीरासह डावी-उजवीकडे, वर-खाली व पुढे-मागे सरकणे, अशा सहा हालचाली त्यात मोजल्या जातात.

पडदा समोरच असल्याने डोळे त्यावरून हलवून चालत नाही. म्हणून डोके 30 अंश वळविले की दृश्य 90 अंश वळावे, अशी वाढ करून ठेवतात. परंतु ज्या हिशेबाने हालचाल तिप्पट होते, त्याच हिशेबाने मोजणीतील प्रत्येक चूकही तिप्पट होते, हे ध्यानात ठेवावे. या वाढीमुळेच लहानसा दोष पडद्यावर मोठ्या झटक्याच्या रूपाने दिसतो, आणि असे झटके खाणारे चित्र अर्धा तास पाहिले तर अनेकांना मळमळते व डोके दुखते.

येथे आमच्या सरकारी अनुभवाचा थोडा उपयोग होतो. एखाद्या प्रकरणाला विलंब झाला म्हणजे बाहेरचा मनुष्य साऱ्या कार्यालयाला दोष देतो. पण जाणता कारकून एवढेच विचारतो, की फाईल कोणत्या टेबलावर अडली आहे? डोक्याच्या हालचालीचीही अशीच फाईल असते. प्रकाश चेहऱ्यावर पडतो. कॅमेरा त्याचे चित्र घेतो. ते यूएसबीच्या तारेतून संगणकात येते. ट्रॅकिंगचा प्रोग्रॅम त्यातून कोन काढतो. फिल्टर त्यातील थरथर गाळतो. मग खेळ ती नोंद घेऊन चित्र रेखाटतो. आणि अखेरीस मॉनिटर ते दाखवितो. अशी ही सात टेबले. झटका शेवटच्या टेबलावर दिसतो, म्हणून लोक तेथेच खर्च करतात, नवे ग्राफिक्स कार्ड आणतात. वस्तुतः फाईल पहिल्याच टेबलावर अडलेली असू शकते.

एक उदाहरण सांगतो. आपल्याच मंडळातील एका कुटुंबातील कन्या व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकत आहे. घरच्या सिम्युलेटरवरचे तास परवान्याच्या हिशेबात धरले जात नाहीत. तरी खऱ्या विमानाचा प्रत्येक तास एवढा महाग, की तेथे जाण्यापूर्वी कोणत्या क्षणी कोठे पाहावयाचे ही सवय घरी लावून घेता आली तर ती मोलाची ठरते. परंतु मान वळविताच चित्र धक्के खाई आणि तिला मळमळू लागे. दुकानदाराच्या सल्ल्याने तिचे वडील नव्या ग्राफिक्स कार्डासाठी ठेव मोडावयास निघाले होते. आईचे म्हणणे याहून निराळे होते. जिला खेळातल्या विमानात मळमळते तिला खरे विमान कसे सोसेल, हा प्रश्न तिच्या मनात घर करून बसला होता. मुलगी गप्प राहू लागली. प्रकरण आता यंत्रापुरते उरले नव्हते, हे आपण जाणालच.

आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसलो तेव्हा तिने सहज विचारले, “काका, हे संध्याकाळीच का होतं? रविवारी दुपारी तर नीट चालतं.” या एका वाक्यात अर्धे निदान होते.

पहिली परीक्षा अशी केली, की ट्रॅकिंग बंद ठेवून जॉयस्टिकवरील छोट्या बटणाने दृश्य फिरविले. ते सुरळीत फिरले. याचा अर्थ चित्र रेखाटणारे टेबल निर्दोष होते, आणि ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न तेथेच निकालात निघाला. येथेही झटके बसले असते तर दोष खेळाचा किंवा संगणकाच्या ताकदीचा मानून ढग, दूरची झाडे, इमारती यांचा तपशील कमी करावा लागला असता.

दुसरी परीक्षा उलट. खेळ बंद केला आणि केवळ ओपनट्रॅक चालू ठेवला. त्यात एक गुलाबी अष्टपाद आपल्या डोक्याबरोबर डोलताना दिसतो. तो खेळ बंद असतानाही उडी मारीत चालला होता. म्हणजे फाईल पहिल्या चार-पाच टेबलांतच अडली होती. तिने मोठा दिवा लावला मात्र, अष्टपाद शहाण्यासारखा डोलू लागला!

कारण असे. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून ती संध्याकाळी खोली अंधारी करून बसे. साधा वेबकॅम उजेडात सेकंदाला 30 चित्रे घेतो. अंधारात पुरेसा प्रकाश गोळा व्हावा म्हणून त्यांपैकी पुष्कळसे कॅमेरे प्रत्येक चित्राला अधिक वेळ देतात आणि गती 15 पर्यंत उतरते. आता हिशेब पाहा. दृश्य सेकंदाला 90 अंश या वेगाने फिरत आहे आणि पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे उमटत आहेत. प्रत्येक चित्रात दृश्य दीड अंश सरकले पाहिजे. कॅमेऱ्याच्या नोंदी 15 च असल्या तर दृश्य एकदा सहा अंश उडी मारते आणि पुढील तीन चित्रे जागीच उभे राहते. फिल्टर ही उडी काहीशी पसरवितो, पण झाकू शकत नाही. चेहऱ्यावर तिरपा प्रकाश टाकणारा एक टेबललॅम्प ठेवला आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक्स्पोजर आपोआप बदलणे बंद केले, एवढ्यावर मुख्य दोष गेला.

इन्फ्रारेड उपकरणाची प्रकृती याच्या नेमकी उलट असते. त्याला अंधार मानवतो. खिडकीतील ऊन, पिवळा जुना बल्ब किंवा चष्म्याची चकाकी यांना ते टोपीवरील ठिपका समजते आणि दृश्य एकाएकी भलतीकडे फेकले जाते. म्हणून शेजाऱ्याचा उपाय जसाच्या तसा उचलू नये. आधी आपला कॅमेरा कोणत्या जातीचा ते पाहावे.

प्रकाशाचे टेबल निर्दोष निघाले तर तारेकडे वळावे. वेबकॅम, जॉयस्टिक, बाहेरची डिस्क अशी सारी मंडळी एकाच यूएसबी हबवर बसविली असतील, तर कॅमेरा तेथून काढून संगणकाच्या स्वतःच्या पोर्टला थेट जोडून पाहावा. विंडोजमध्ये वीज वाचविण्यासाठी यूएसबी उपकरणांना विश्रांती देण्याची सोय असते, ती कॅमेऱ्यापुरती बंद करावी. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळावे. बॅटरीवर तो आपली गती कमी करतो.

यानंतरचे टेबल सर्वांत फसवे आहे, कारण तेथे कोणीच दोषी नसतो. मृदंगाला दोष नाही, झांजेलाही नाही. दोघांची लय जुळत नाही, एवढेच. समजा, ट्रॅकिंगच्या नोंदी सेकंदाला 60 येत आहेत आणि खेळ 45 चित्रे रेखाटीत आहे. म्हणजे दर तीन चित्रांमागे चार नोंदी. दोन चित्रांच्या वाट्याला एकेक नवी नोंद येते आणि तिसरे चित्र दोन नोंदींची उडी घेते. कॅमेरा उत्तम, संगणक उत्तम, तरी चाल लंगडी! त्यातच मॉनिटर सेकंदाला 60 वेळा चित्र ताजे करणारा असेल, तर 45 पैकी काही चित्रे एकदा आणि काही दोनदा दिसतात. अशा वेळी खेळाची गती 30 वर बांधून टाकावी. 60 ला 30 ने पूर्ण भाग जातो, आणि लय सावरते. गती कमी केल्यावर चित्र अधिक सुरळीत दिसते, हे प्रथम कोणाला पटत नाही. पण डोळ्यांना वेगापेक्षा नियमितपणा अधिक रुचतो. या बंधनाचा दुसरा लाभ असा, की प्रोसेसरला थोडी उसंत मिळते. खेळाने सारी शक्ती बळकाविली तर बिचाऱ्या ट्रॅकिंग प्रोग्रॅमची पाळी उशिरा येते, आणि खेळ बंद असता नीट डोलणारा अष्टपाद खेळ चालू होताच अडखळू लागतो. ही खूण दिसली की रोग ओळखावा.

अखेरीस फिल्टर. झटके दिसले की लोक फिल्टर वाढवीत नेतात. थरथर थांबते खरी, पण मान वळविल्यानंतर दृश्य आळसावल्यासारखे मागाहून येते, आणि मळमळ तर या दिरंगाईनेही होते. म्हणून फिल्टर आधी कमीत कमी ठेवावा, मूळ दोष शोधावा, आणि उरलेल्या थरथरीपुरताच तो वाढवावा. समोर पाहत असता दृश्य स्थिर राहावे यासाठी मध्यभागी दोन-तीन अंशांचा निष्क्रिय पट्टा ठेवणे आणि वाढीचा आलेख आरंभी सौम्य ठेवणे हितावह. खेळातील कॅमेऱ्याचा स्वतःचा संथपणा किंवा जॉयस्टिकचा एखादा अक्ष त्याच दृश्याला ओढीत नाही ना, हेही पाहावे. एका फाईलवर दोन अधिकाऱ्यांचे परस्परविरोधी शेरे आले की काय होते, ते आम्ही सांगावयास नको.

या सर्व खटाटोपात नियम एकच, की एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर टिपून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर कोणत्या उपायाने गेला ते कळत नाही. तो परत आला म्हणजे पुन्हा अंधारात चाचपडणे आले. त्या कन्येने एक वही केली आहे. डाव्या पानावर बदल, उजव्या पानावर परिणाम. तीन संध्याकाळींत त्यांचे काम झाले. खर्च एका टेबललॅम्पचा. ठेव मोडली नाही, ती तिच्या उड्डाणाच्या तासांसाठी राहिली. आणि आईची शंकाही मिटली, कारण मळमळ मुलीच्या प्रकृतीत नव्हती, अडखळणाऱ्या चित्रात होती, हे तिने स्वतः खुर्चीत बसून, दिवा मालवून आणि पुन्हा लावून पाहिले.

बंधुभगिनींनो, आपण घरापासून दूर राहणारी माणसे. अडीअडचणीला गावचा काका-मामा धावून येईल अशी येथे सोय नाही. म्हणून जे दुकानदार सांगेल ते खरे मानण्याकडे आपला कल होतो. ही उणीव भरून काढण्यासाठीच आपल्या पूर्वसूरींनी पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापिले. आमची सूचना एवढीच, की मंडळाच्या वाचनालयात अशी एक वही ठेवावी. ज्याच्या घरी जो दोष निघाला व ज्या उपायाने गेला, तो त्याने मराठीत त्या वहीत लिहावा. पहिल्या पानावर लिहावयास ती कन्या तयार आहे. दुसरे पान आपणांपैकी कोणी भरावे.