सगळीच बदके नव्हेत



मागल्या थंडीत आम्ही दहा-बारा जण नांदूरमध्यमेश्वरला पाखरे बघायला गेलो होतो. हे गाव नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. तिथे गोदावरी आणि कादवा या नद्या मिळतात. जवळच जुना बंधारा आहे. त्यात गाळ साचला, बेटे झाली, लव्हाळी माजली. पाखरांना आणखी काय हवे? १९८६ साली तिथे अभयारण्य झाले.

पहाटे काठावर उभे राहिलो. पाणी काळ्या ठिपक्यांनी भरले होते. मी म्हणालो, "अबब! केवढी बदकं!"

वाट दाखवायला गावातले एक बाबा आले होते. ते हसले. म्हणाले, "गुरुजी, ह्यात बदक एकबी न्हाई. ह्यो चांदवा."

मग बाबांनी आम्हांला शिकवले. आधी चोच बघायची. चांदव्याची चोच कोंबडीसारखी टोकदार आणि पांढरी. कपाळावरही पांढरा टिळा. बदकाची चोच चपटी. थापट्या बदकाची तर थेट उलथन्यासारखी! चोचीच्या कडांना बारीक दातरे असतात. चिखलपाणी तोंडात घ्यायचे, दातऱ्यांतून पाणी सोडून द्यायचे, आतले किडे नि बी गिळायचे. हा थंडीचा पाहुणा, हिमालयापलीकडून येतो.

मग चाल बघायची. चांदवा उडताना आधी पाण्यावर धावत सुटतो. थापट्या जागेवरून सरळ वर उठतो. इवलीशी टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच डोके काढते. तीही बदक नव्हे.

एक बदक मात्र आमच्यातल्या बायकांनी आधी ओळखले. काळी चोच, टोकाला पिवळा रंग, बुडाशी दोन तांबडे ठिपके. नावच हळदी-कुंकू! हे पाहुणे नव्हे, इथलेच. पावसाळ्यात पाण्याजवळच्या गवतात जमिनीवर घरटे करते.

इथे बाबा जरा थांबले. म्हणाले, "एका साली गवत कापताना माझा इळा घरट्यावरच पडला. अंडी फुटली. मादी दोन दिस तिथंच घिरट्या घालीत हुती."

तेव्हापासून बाबा काठाचे गवत दिवाळीपर्यंत कापत नाहीत. मुलगा कुरकुरतो. घरी दोन म्हशी आहेत, वैरण कमी पडते.

मी विचारले, "मग काय करता?"

"बांधावरचं आणतो," बाबा म्हणाले. "लांब पडतं. पन आणतो."