पाठमोरी निघणारी गाडी

जपानातील नागोया स्थानकातून ‘हिदा’ नावाची गाडी सुटते तेव्हा तिच्यातील यच्चयावत उतारू पाठमोरे बसलेले असतात. पहिल्यांदा त्या डब्यात पाऊल ठेवले तेव्हा हा प्रकार कोणाच्या तरी नजरचुकीने घडला असावा असे मला वाटले, कारण ज्या मुलखात दोन-चार मिनिटांच्या उशिराबद्दलही ध्वनिक्षेपकावरून क्षमायाचना होते, तेथे सबंध गाडीच्या खुर्च्या उलट्या तोंडाने मांडल्या जाव्यात हे बुद्धीला पटेना. म्हणून खुर्चीखालची पट्टी पायाने दाबून ती फिरवण्याच्या खटपटीला मी लागलो, तोच पलीकडच्या एका वृद्ध बाईंनी तळहात उंचावून मला थांबवले आणि हसून एवढेच म्हटले, ‘‘गिफू, गिफू.’’

त्या एका शब्दाचा उलगडा वीस मिनिटांनी झाला. नागोयापासून गिफूपर्यंतचे तीस किलोमीटर ही गाडी तोकाइदो या जुन्या राजमार्गाच्या रुळांवरून जाते, वाटेत किसो नदीचा लांबलचक पूल ओलांडते, आणि गिफूला पोचल्यावर शेवटचा डबा पहिला करून डोंगराकडची वाट धरते. पुढचा सारा प्रवास सन्मुख घडावा म्हणून उतारूंनी आरंभीची वीस मिनिटे विन्मुख बसायचे, असा हा सोयीचा मामला आहे. आपल्या बोरघाटातही खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारे एक स्थानक 1929 पर्यंत होते, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल त्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही. मात्र तेथे घाटाच्या चढापायी गाडीला माघार घ्यावी लागे, गिफूला ती केवळ रुळांच्या मांडणीपायी घ्यावी लागते.

या जातीच्या गाडीला जपानी भाषेत ‘तोक्क्यू’, म्हणजे विशेष जलद, असे म्हणतात. तिच्यासाठी दोन तिकिटे काढावी लागतात, एक अंतराचे आणि दुसरे त्वरेचे. आणि गाडी दोन तास किंवा त्याहून अधिक उशिरा पोचली तर त्वरेचे पैसे परत मिळतात, कारण जो माल दिला नाही त्याचे दाम ठेवून घेणे बरे नव्हे. इतकी हिशेबी असलेली ही त्वरा नागोया ते ताकायामा हे सुमारे एकशे सदुसष्ट किलोमीटरांचे अंतर तोडायला सव्वादोन तासांहून अधिक वेळ घेते, आणि त्याचे कारण खिडकीबाहेर सतत दिसत असते. ते कारण म्हणजे नदी. गिफूपासून तोयामापर्यंतचा 225.8 किलोमीटरांचा हा लोहमार्ग एकेरी आहे, त्याच्या रुळांची रुंदी 1067 मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या मीटरमापी रुळांहून किंचितच अधिक, आणि सबंध मार्गावर आजही विजेची तार नाही. त्याचा पहिला टप्पा 1920 मध्ये गिफूकडून सुरू झाला, पुढे तोयामाकडूनही हात घातला गेला, आणि मधला जलविभाजकाचा अवघड तुकडा पुरा होऊन 25 ऑक्टोबर 1934 रोजी दोन्ही टोके एकमेकांना भेटली. ज्यांनी तो आखला त्यांनी डोंगराशी वाद घातला नाही. नदीने लक्षावधी वर्षे खपून जी वाट कोरून ठेवली होती, तिच्याच काठाकाठाने, कधी या तीरावरून तर कधी त्या तीरावरून, त्यांनी रूळ नेले.

मिनो-ओता सोडल्यावर थोड्याच वेळात हिदा नदी सोबतीला येते आणि मग तासाहून अधिक काळ ती उतारूंना सोडत नाही. कुठे ती पांढऱ्या प्रस्तरांमधून फेसाळत येते, कुठे जलविद्युतीच्या बंधाऱ्याने अडवल्यामुळे पाचूच्या द्रवासारखी निश्चल पसरते, आणि दोन्ही बाजूंचे सुगी वृक्षांचे उतार इतके सरळ तिच्यात उतरतात की डोंगर कोठे संपला आणि प्रतिबिंब कोठे सुरू झाले हे क्षणभर कळत नाही. पूल आला की दृश्य डावीकडून उजवीकडे जाते, आणि त्याबरोबर डब्यातील माना निमूटपणे वळतात. परंतु या सौंदर्याविषयी बोलताना त्याच खोऱ्यातील 18 ऑगस्ट 1968 ची रात्र विसरणे मला अप्रशस्त वाटते. त्या रात्री अतिवृष्टीने शिराकावा गावाच्या परिसरात दरड कोसळली आणि हमरस्त्यावर खोळंबलेल्या दोन सहलीच्या बसगाड्या तिच्या लोंढ्याबरोबर नदीत गेल्या. एकशे चार माणसे दगावली. पावसाचे मान ठराविक मर्यादेपलीकडे गेले की दरड कोसळण्याची वाट न पाहता रस्ता आधीच बंद करायचा, हा जपानी रस्त्यांचा शिरस्ता त्या दुर्घटनेनंतर पडला. आणि योगायोग असा की त्यानंतर दीड महिन्याच्या आत, 1 ऑक्टोबर 1968 रोजी, याच नदीच्या काठाने ‘हिदा’ ही गाडी तोक्क्यूच्या दर्जाने धावू लागली.

गेरो येथे बरेचसे उतारू उतरतात. तेथे उष्णोदकाचे झरे आहेत आणि सतराव्या शतकातील हायाशी राझान या पंडिताने देशातील तीन नामांकित झऱ्यांत त्यांची गणना केल्यापासून तेथील खाणावळवाल्यांना दुसऱ्या जाहिरातीची गरज पडलेली नाही. मी उतरलो नाही.

गेरोच्या पुढे चढ वाढतो. 1989 मध्ये या मार्गावर रुंद खिडक्यांच्या ज्या गाड्या आल्या त्यांच्या पोटात कमिन्सची डिझेल यंत्रे होती, आणि हे नाव पुणेकरांना परके नाही. 1962 साली किर्लोस्करांच्या भागीदारीने त्याच कमिन्सचा कारखाना पुण्यात उभा राहिला. त्या गाड्यांची घरघर ऐकायला म्हणून दूरदूरचे शौकीन येत असत असे म्हणतात. 2022 च्या जुलैपासून त्यांची जागा संकरित गाड्या घेऊ लागल्या. यांत डिझेलचे यंत्र चाके फिरवीत नाही, केवळ वीज निर्माण करते. चाके विजेवर फिरतात, आणि उतारावर वेग आवरताना जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया गेली असती ती विद्युत्कोशात साठवून पुढच्या चढाला वापरली जाते. परिणामी स्थानकात गाडी थांबली की यंत्र मुके होते आणि डब्यात एकदम नदीचा आवाज ऐकू येतो. कुगुनो हे या मार्गावरील सर्वांत उंच स्थानक. त्याच्या पुढे मिया खिंडीखालचा बोगदा लागतो आणि तेथे पाणी दुभंगते. बोगद्याच्या अलीकडे पडलेला पाऊस दक्षिणेस इसेच्या उपसागराला, म्हणजे प्रशांत महासागराला मिळतो आणि पलीकडचा मिया नदीतून उत्तरेस जपानच्या समुद्राला. बोगद्यातून बाहेर आल्यावर नदी पुन्हा दिसते, परंतु आता ती आपल्या सामोरी येत नाही, आपल्याबरोबर चालते.

ताकायामा ही हिदा प्रांताची जुनी राजधानी. या प्रांताला पिकाऊ जमीन थोडी आणि अरण्य अपार, म्हणून आठव्या शतकातील कायद्याने त्याला कापड व इतर जिन्नस यांच्या रूपातील करांची माफी दिली, आणि त्या बदल्यात पन्नास घरांच्या वस्तीमागे दहा माणसे राजधानीत सुतारकामासाठी पाठवावीत असा हुकूम केला. राजधानीतील मंदिरे आणि प्रासाद उभारण्यात या हिदाच्या सुतारांचे हात खपले. त्यांच्या कौशल्याच्या कथा पुष्कळ सांगतात. परंतु मला अधिक बोलकी वाटते ती नवव्या शतकातील एक सरकारी आज्ञा. कामावरून पळालेल्या या कारागिरांना शोधून काढा, त्यांची बोली आणि चेहरेपट्टी इतर प्रांतांहून निराळी असल्यामुळे नाव बदलले तरी ते ओळखू येतात, असा तिचा आशय आहे. कला हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा तिच्या मुळाशी कधीकधी वेठ असते, हे त्या कागदावरून कळते. पुढे 1692 मध्ये एदोच्या शोगुनांनी तेथील कानामोरी घराण्याला दूर उत्तरेकडे हलवले आणि प्रांत खालसा करून आपला अंमलदार नेमला. लाकूड आणि खाणी ज्या मुलखात आहेत तो सरदाराच्या हाती ठेवण्यापेक्षा खास खजिन्याला जोडलेला बरा, हा हिशेब आपल्या दफ्तरांतही ठायीठायी सापडेल. त्या अंमलदाराची कचेरी आजही उभी आहे, आणि अशा कचेऱ्यांपैकी मुख्य इमारतीसह शिल्लक राहिलेली ती जपानात एकमेव आहे. महसुली भाताचे कोठार, अर्जदारांनी बसायचा वाळूचा चौक, दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या चटयांच्या किनारी, हे सर्व पाहताना मला पेशवाईतील एखाद्या मामलेदाराने तेथे चुटकीसरशी कारभार सुरू केला असता असे वाटले. 1969 पर्यंत तेथे सरकारी काम चालूच होते.

ज्या वाटेने हिदाची माणसे हुकमाने खाली जात, त्या वाटेने आता सपाटीवरची माणसे स्वखुशीने, दोन-दोन तिकिटे काढून वर येतात. नव्या गाडीच्या डब्यांच्या दाराशी काचेच्या लहान कपाटांतून या प्रदेशातील कारागिरी मांडलेली आहे. उतारू घाईने तिच्यासमोरून जातात.

ताकायामाच्या उत्तरेस गर्दी ओसरते. 2004 च्या ऑक्टोबरातील वादळाने या बाजूचे पूल आणि रूळ असे धुऊन नेले की सलग वाहतूक सुरू व्हायला 2007 चा सप्टेंबर उजाडला. इनोतानीजवळ कामिओकाच्या खाणींकडून येणारी ताकाहारा नदी मियाला मिळते आणि पुढे दोघींना जिन्झू असे नाव पडते. त्या खाणींतून आलेल्या कॅडमियमने खालच्या भातशेतीत विष कालवले आणि शेतकरी स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ केली की नुसत्या खोकल्यानेही ती मोडत. वेदनेच्या ज्या उद्गाराने रोगी विव्हळत, ‘इताइ, इताइ’, तेच त्या रोगाचे नाव झाले. त्याचे मूळ खाणीच्या सांडपाण्यात आहे हे सरकारने मान्य केले तेही 1968 मध्येच. खिडकीतून दिसणारे पाणी मात्र वरच्या नदीइतकेच निर्मळ दिसते, आणि गाडी त्याच्या काठाने तोयामाच्या भातशेतांत उतरते.

परतीच्या दिवशी मी तोयामाहून संपूर्ण मार्ग पुन्हा केला. गिफूला गाडीची दिशा उलटली आणि सगळे उतारू पुन्हा पाठमोरे झाले. या वेळी मी खुर्चीला हात लावला नाही. काही मिनिटांत किसोचा पूल आला. हिदा नदी मिनोच्या सपाटीवर किसोला मिळत असल्यामुळे आदल्या दिवशी वर जे पाणी पाहिले होते त्याचाही वाटा त्या पुलाखालून चालला होता, मी नागोयाकडे पाठ करून बसलो होतो, आणि समोर, लहान होत जाणारे, डोंगर होते.