कामाची जागा आणि कर्मचाऱ्याची वृत्ती

(मंडळाच्या मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





नोकरीला लागलेल्या आणि लागू पाहणाऱ्या तरुणांपुढे चार शब्द बोलावेत, असे मंडळाने आम्हास कळविले. नोकरी कशी मिळवावी याचे वर्ग हल्ली गल्लोगल्ली निघाले आहेत. ती मिळाल्यावर तेथे कसे वागावे, आणि त्या वागण्याने कामाच्या जागेचे काय होते, हे मात्र कोणी शिकवीत नाही. ते माणूस शेजारच्या टेबलावरून शिकतो. शेजारचे टेबल चांगले मिळाले तर ठीक, नाही तर तीस वर्षांची नोकरी त्याच वळणाने जाते.

सुरुवात मुंबईच्या कापड गिरण्यांपासून करू, कारण आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा तेथेच राबले. गिरणीत विणकाम खात्याची मजुरी चांगली असे. परंतु त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. त्याला सूतकताईकडे, कमी मजुरीवर जागा मिळे. असे करावे म्हणून कोठे कायदा नव्हता. कारण होते ते एका धोट्याचे. मागावरच्या धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालावी लागे आणि धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. म्हणजे एका धोट्याला अनेकांचे तोंड लागणार. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे स्पृश्य विणकर म्हणत. एवढ्यावरून हजारो कुटुंबांची मिळकत ठरत होती.

१९२८ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तो चालला. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वेळी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले की, विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी मागण्यांच्या यादीत घाला, नाही तर अस्पृश्य कामगार या संपापासून दूर राहतील. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुशीने. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेलही, पण त्याला आम्ही जबाबदार नाही.

उत्तर सोयीचे होते यात शंका नाही. भरती करणारा जॉबर गिरणीचाच माणूस होता, तेव्हा मालक सुटले असे आम्ही म्हणणार नाही. तरीही त्या उत्तरात एक बोचणारे सत्य आहे. ज्याने वाट अडविली तो शेजारच्या मागावर उभा राहून तितकाच घाम गाळणारा कामगार होता.

आणि गंमत अशी की, तोंडाने धागा ओढण्याची ती रीत सर्वांच्याच प्रकृतीला घातक होती. एकाचा रोग दुसऱ्याला लागण्यास ती उत्तम सोय होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तिच्यावर १९११ मध्येच बंदी घातली, इंग्लंडमध्ये बंदीला १९५२ साल उजाडले. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटेही निघालेले होते. तसे धोटे आणा, अशी मागणी एकजुटीने केली असती तर आरोग्यही सांभाळले गेले असते आणि खातेही खुले झाले असते. परंतु आपल्या जातीच्या थुंकीत रोग नसतो, अशी माणसाची समजूत असते.

रेल्वेतही तेच होते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी दाखवून दिले की, आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तेथे त्याचा स्पर्श चालत नाही. कामाची पात्रता आणि साहेबाच्या स्वयंपाकघराची सोय यांची अशी गाठ मारलेली होती.

आता थोडे परदेशात जाऊ. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर बरेच प्रयोग झाले. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचा गौरव असतो. कामगारांकडे आपुलकीने लक्ष दिले की उत्पादन वाढते, असा त्यांचा सारांश सांगतात. आमच्या मते तो फार गोड करून सांगितलेला आहे, कारण त्यातल्या सर्वांत गाजलेल्या प्रयोगात पाचपैकी दोन कामगार मुली मध्येच बदलल्या होत्या, हे सांगताना गाळले जाते.

आम्हास त्यांतला शेवटचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. १९३१-३२ मध्ये टेलिफोनच्या यंत्राच्या तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांना एका खोलीत बसवून त्यांचे नुसते निरीक्षण केले. जास्त काम केले तर जास्त पैसे मिळणार होते. तरीही ते ठरावीक कामापलीकडे जात नसत. त्यांचे आपापसातले नियम होते. फार काम करायचे नाही, फार कमीही करायचे नाही, सोबत्याची चहाडी करायची नाही आणि कोणी साहेबी मिरवायची नाही. जो हात जरा जलद चालवी त्याच्या दंडावर सोबती ठोसा मारीत. मंदीचा काळ होता, काम लवकर संपले तर दर कमी होतील किंवा माणसे कमी होतील, ही भीती त्यामागे होती. ती खोटी होती असे नाही. पण नियम करणारे कोण, तर तेथलेच कर्मचारी.

विद्यार्थी मित्रहो, हा ठोसा आपल्या कार्यालयातही आहे, फक्त तो तोंडाने मारतात. नवा लिपिक पहिल्या महिन्यात आवक पत्रांचा निपटारा करू लागला की शेजारचा म्हणतो, "एवढी घाई कशाला रे? तुझी बदली झाल्यावर साहेब आमच्याकडूनही हेच मागेल." पोरगा शहाणा होतो. आपल्याकडे सहा गठ्ठे पद्धत आहे. त्यात 'प्रतीक्षाधीन' नावाचा एक गठ्ठा असतो. दुसऱ्या कार्यालयाकडून माहिती यायची आहे अशा प्रकरणांसाठी तो आहे. परंतु काम करायचे नसले की नस्ती तेथे सरकविता येते, आणि सरकविणाऱ्याला कोणी दोषही देऊ शकत नाही. पद्धत उत्तम आहे, पण ती कशासाठी वापरायची हे वृत्ती ठरविते.

महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आहे. त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ राहता कामा नये. हे कलम किती टेबलांवर ठाऊक आहे, हे आपापल्या कार्यालयात विचारून पाहावे. खिडकीबाहेर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आलेली विधवा बाई उभी असते. तिला "उद्या या" म्हणणे फार सोपे असते. एका खेपेला तिची एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे जाते. ती बाई कोणाची तरी आई असते. बहुधा आपल्याच वस्तीतली असते.

आता एक कटू गोष्ट. आपल्यातील काही जण अधिकारी झाले की शिपायाला "अरे-तुरे" करतात, कंत्राटावरच्या सफाई कामगाराचे नावही त्यांना माहीत नसते, आणि त्याचा चहाचा पेला वेगळा ठेवलेला दिसला तरी त्यांना खटकत नाही. धोट्याची गोष्ट व्यासपीठावरून सांगणाऱ्याने हे करावे, हे आम्हास समजत नाही. महिला सहकाऱ्यांविषयीही असेच. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे. समितीचा फलक लागतो, पण तक्रार करणाऱ्या बाईशी जेवणाच्या सुट्टीत बोलणे बंद होते. ते बंद करणारे वरिष्ठ नसतात, तुम्हीआम्हीच असतो.

मघाशी एका विद्यार्थिनीने चिठ्ठी पाठविली आहे. सहकारी "कोट्यातून आली" असे म्हणतात, तर काय उत्तर द्यावे, असा तिचा प्रश्न आहे. ताई, राज्यघटनेचे कलम १६(४) एकदा शांतपणे सांगावे आणि चहाच्या टेबलावरचा वाद तेथेच सोडावा. अशा टोमण्यांचा खरा तोटा वेगळाच होतो. माणूस मिटून जातो, शंका विचारीत नाही, झालेली चूक दडवितो, आणि मग त्याचे काम खरोखरच बिघडते. तसे होऊ देऊ नये. अडले की विचारावे, वर्तणूक नियम आणि आपल्या खात्याची नियमपुस्तिका पहिल्या महिन्यातच वाचून काढावी.

टोमणा कामात आडवा येऊ लागला, म्हणजे प्रशिक्षणाला नाव पाठवीनात, महत्त्वाचे विषय काढून घेतले, किंवा वार्षिक गोपनीय अहवालात "साधारण" असा मोघम शेरा पडला, तर तारीखवार टिपून ठेवावे आणि कार्यालयप्रमुखास लेखी द्यावे. आवक क्रमांक घातलेली पोच घ्यावी. २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, केवळ प्रतिकूल शेराच नव्हे तर अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळविली पाहिजे. तेव्हा अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि मुदतीत अभिवेदन करावे. त्याचा नमुना आम्ही बरोबर आणला आहे. ज्यांना तो उतरवून घ्यायचा असेल त्यांनी कार्यक्रमानंतर थोडे थांबावे.