आरोग्याचा धडा आणि शिक्षकाचे आचरण

(धसई येथे आरोग्य व शारीरिक शिक्षण या विषयांच्या शिक्षकांसमोर केलेले भाषण)



मुरबाड-शहापूरच्या वाड्या-पाड्यांवरील मुलांना आरोग्य शिकविणाऱ्या आपणा सर्वांशी बोलण्याची संधी मिळाली, याचा मला आनंद वाटतो. आजचा प्रश्न मात्र जरा अवघड जागचा आहे. जो इतरांना आरोग्य शिकवितो, त्याने स्वतः आरोग्यपूर्ण जीवन जगलेच पाहिजे का?

प्रथम विरोधी बाजू ऐकू या. गणिताच्या शिक्षकाच्या घरचा हिशेब कोणी तपासत नाही. मग व्यायाम शिक्षकाच्या पोटाचा घेर का मोजावा, असे विचारले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. तरीही शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला आणि १९९० साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. कौशल्य शिकविण्यास पारखी नजर पुरेशी असते, हे त्यावरून सिद्ध होते.

परंतु आरोग्य हे केवळ कौशल्य नव्हे. ती सवय आहे. बॅट कशी धरावी हे समजावून देता येते. पहाटे उठणे, जेवणापूर्वी हात धुणे, व्यसनाला नकार देणे या गोष्टी मूल ऐकून नव्हे, तर पाहून उचलते. आचरेकर सर सचिनला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. त्या फेऱ्यांतून शिष्याला जी निष्ठा समजली, ती कोणत्या व्याख्यानातून समजली असती? श्रेष्ठ जसे वागतात तसे इतरेजन वागतात, असे गीता सांगते. आपल्याकडे शिक्षकाला आचार्य म्हणतात, आणि त्या शब्दातच आचार आहे.

महाराष्ट्राने अशी माणसे पाहिली आहेत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. पण त्याआधी अनेक वर्षे ते स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत होते. राजाज्ञेला बळ आले ते राजाच्या घामामुळे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि योगाला प्रयोगशाळेत नेले. त्याच्या कितीतरी आधी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या व्यायाममंदिरात त्यांनी स्वतःचे शरीर झिजविले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आदर्श म्हणजे पिळदार शरीर नव्हे. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया आणि क्षयाने खंगलेले होते. १९३७ साली ते पुण्यात योग शिकविण्यास आले. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघाताने त्यांचे शरीर इतके दुखावले, की साठीत त्यांना पुन्हा पहिल्यापासून साधना करावी लागली. ती त्यांनी केली आणि २०१४ साली, ९५व्या वर्षी देह ठेवीपर्यंत अभ्यास सोडला नाही. म्हणून कोणा शिक्षकाला मधुमेह आहे, कोणा भगिनीचे वजन थायरॉईडमुळे वाढले आहे, एवढ्यावरून त्यांच्या अधिकारावर बोट ठेवणे हा अन्याय आहे. मधुमेही शिक्षक बिनसाखरेचा चहा घेतो आणि तो का घेतो हे मुलांना मोकळेपणाने सांगतो, तेव्हा पाठ्यपुस्तकात नसलेला धडा तो देत असतो. आजार दोष नव्हे. दांभिकता हा दोष आहे.

आणि दांभिकतेचे सर्वांत ठळक रूप म्हणजे तंबाखू. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. कायदा टपरीला शंभर यार्ड दूर ढकलू शकतो. पण गुरुजींच्या खिशातील पुडी थेट वर्गात येते. ज्या घरात आजी मिश्री लावते आणि वडील तंबाखू मळतात, त्या घरातील मुलाला ‘हे नको’ असे सांगणारा कदाचित एकच माणूस भेटतो, तो म्हणजे शिक्षक. त्याच्याही गालात तंबाखू दिसली, तर त्या मुलाने कोणाकडे पाहावे?

आहाराचेही तसेच. आपल्या भागात पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या उगवतात; घरोघरी नाचणीची भाकरी होते. फळ्यावर लोह आणि कॅल्शियम लिहिणाऱ्या शिक्षकाच्या डब्यात ती भाकरी दिसली, तर पाड्यावरच्या मुलाला आपल्या घरच्या अन्नाचा अभिमान वाटेल. त्याच्या हाती वेफर्सचे पाकीट दिसले, तर भाकरी हे गरिबाचे खाणे आणि पाकीट हे शहाण्याचे, असा उलटा धडा ते मूल घरी नेईल. शाळेतील भोजन वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखावे, असा नियम आहे. माझी सूचना एवढीच, की चाखून थांबू नका. आठवड्यातून एकदा तरी मुलांच्या पंगतीत बसून जेवा.

मात्र सगळा भार शिक्षकावर टाकून समाजाने मोकळे होऊ नये. आपल्यापैकी कित्येक जण कल्याण-बदलापूरहून एसटीने ये-जा करतात. भगिनींना तर घरचे सगळे उरकून शाळा गाठावी लागते. त्यांना स्वच्छ प्रसाधनगृह नाही, पिण्याचे पाणी नाही, कागदपत्रांच्या कामातून श्वास घेण्यास सवड नाही. आणि वर अपेक्षा आदर्शाची! संस्थाचालकांनी आणि पालकांनी शिक्षकाच्या आरोग्याचीही चिंता वाहिली पाहिजे.

डिसेंबर २०१६ मध्ये हे धसई ‘कॅशलेस गाव’ म्हणून देशभर गाजले. पुढे रोखीचे व्यवहार पुन्हा वाढल्याचेही आपण पाहिले. दुकानात यंत्र बसविणे सोपे. सवय बसण्यास मात्र पुष्कळ काळ आणि चिकाटी लागते. आरोग्याचे व्रतही घोषणेने सिद्धीस जात नाही. म्हणून आपण मोठ्या प्रतिज्ञा करू नयेत. शाळेच्या आवारात तंबाखूला स्पर्श करणार नाही आणि मुलांना जो व्यायाम सांगेन, तो त्यांच्याबरोबर जमेल तितका स्वतः करीन, एवढे दोन नियम पुरेत. त्यात कधी खंड पडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. पडून उठणारा शिक्षक पाहणे, हेही मुलांचे शिक्षणच आहे.