‘मेल्या’ अजून ऐकू येतो



‘मेल्या’ ही आपल्या आजी-पणजीची शिवी आज कुणाच्या तोंडी आहे का? पुण्या-मुंबईकडचे काही जण सांगतात की ती आता नाटकातल्या म्हाताऱ्यांपुरतीच उरली. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, नई सडकेवर लहानाची मोठी झालेली. माझ्या कानांवर ती अजून पडते.

1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेने किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि त्या छावणीचंच पुढे शहर झालं. फौजेबरोबर कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई आले, त्यांची बायकामुलं आली. पाटणकर बाजार, फालका बाजार, शिंदे की छावनी ही नावं अजून चालू आहेत. पुरुषमाणसं बाजारात आणि कचेरीत हिंदी बोलू लागली. बायकांची मराठी मात्र स्वयंपाकघरात आणि विहिरीवर राहिली, आणि तिच्याबरोबर त्यांच्या शिव्याही.

मध्यंतरी नई सडकेवर ऐन संध्याकाळच्या गर्दीत एका काकूंच्या भाजीच्या पिशवीला स्कूटर घासून गेली. दोन टोमॅटो रस्त्यावर. काकू ओरडल्या, “मेल्या, डोळे फुटले का रे?” आणि लगेच त्याच दमात, “भैया, देखके चलाओ ना!” शिवी आपल्या भाषेत, तक्रार त्याच्या भाषेत. पोराला पहिलं वाक्य समजलंच नाही. इथल्या हिंदीत ‘मेला’ म्हटलं की 1905 साली माधवराव महाराजांनी सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळाच डोळ्यांपुढे उभा राहतो. हिंदी बोलणाऱ्या शेजारणीला मात्र अर्थ समजवावा लागत नाही, कारण तिच्याकडे ‘मुआ’ आहे. दोन्ही शब्द ‘मृत’चेच वंशज.

‘मेल्या’ची बाजू मला घ्यावीशी वाटते, ती एका कारणासाठी. पुरुषांच्या जुन्या शिव्या पाहा: रांडेच्या, शिंच्या, आणि त्यांतल्या त्यात सौम्य लेकाच्या. सगळीकडे तो ‘च्या’, म्हणजे षष्ठी. रीत फार जुनी आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत नियमच करून ठेवला आहे की निंदा करायची असेल तर समासातही षष्ठीचा प्रत्यय लोपत नाही. ‘दास्याःपुत्र’ हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. राग मुलावर आणि घाव त्याच्या आईवर, असा हा प्रकार हजारो वर्षं चालला आहे. ‘मेल्या’ कुणाची आई काढत नाही, जात काढत नाही. ज्याच्यावर राग आहे त्यालाच बोलते आणि तिथेच थांबते.

आता ती बोलते ते मरणाचं, हे खरंच. पण मरण ज्या घरांतून हलत नव्हतं त्याच घरांतली ही शिवी आहे. मुलं जगत नाहीत म्हणून त्यांना दगडू, धोंडू अशी नावं ठेवायची, आणि त्याच दगडूला दिवसातून दहा वेळा ‘मेल्या’ म्हणायचं! तिन्हीसांजेला तोंडातून शब्द गेला की घरातलं वडीलधारं माणूस दटावायचं, “आत्ता नको गं, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो.” बाई चपापायची, देवापाशी दिवा लावायची, पोराला जवळ घ्यायची. मला वाटतं, रोज उच्चारून उच्चारूनच त्या बायकांनी त्या शब्दाची धार बोथट केली.

आज माणसांपेक्षा वस्तूंवर तो जास्त चालतो. मेला मोबाईल चार्जच होत नाही. मेलं हे दार फुगलंय. मेली लाईट आत्ताच जायची होती! घरात हिंदीच जास्त बोलणाऱ्या, मराठी वाचताना अडखळणाऱ्या सुनांच्या तोंडीही हे लिंग बरोबर बसतं: दार मेलं, लाईट मेली. व्याकरण कुणी शिकवलं नाही, सासूच्या तोंडून ऐकलं. आणि पोरगं चौथा लाडू उचलताना सापडलं की ‘मेल्या’ हा निव्वळ लाड असतो. शाळेत, रस्त्यावर खरं भांडण झालं तर आमची मुलं शिव्या हिंदीतच देतात.

पण या शब्दाचा आणखी एक उपयोग होता, आणि मला खरं तर त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. “मला मेलीला काय कळतंय?” “मी मेली काय सांगणार?” बाई स्वतःलाच मेली म्हणायची. मालमत्तेचा विषय निघाला, मुलीच्या स्थळाचा निघाला, कुणी मत विचारलं, की आधी हे वाक्य, मग मत. तेही बहुधा योग्य निघायचं. घराचा पै-पैचा हिशेब जिच्या डोक्यात, तिला बोलण्याआधी स्वतःला मेलेली ठरवावं लागत होतं. इतरांवर उगारलेला ‘मेल्या’ मी हसून ऐकते. हा मात्र मला ऐकवत नाही.

काही शिव्या रीत गेल्यावर जातात. ‘बोडकी’ घ्या. विधवेचे केस काढायचे आणि वर त्यावरूनच तिला हिणवायचं. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला, याला माझ्या लेखी फार मोल आहे. रीत हळूहळू गेली आणि शिवीही गेली. आज कॉलेजातल्या मुलीला तिचा अर्थ विचारावा, तर ती गोंधळून पाहते.

‘मला मेलीला’ त्याच वाटेवर आहे. बँकेत कर्जाची प्रकरणं तपासणाऱ्या, कोर्टात उभ्या राहणाऱ्या आमच्या मुली कुकरला खुशाल मेला म्हणतात, स्वतःला म्हणत नाहीत. ऐंशीच्या पुढच्या काही जणींच्या तोंडी ते अजून आहे. भेटल्या की मी त्यांना थांबवते: “काकू, स्वतःला असं म्हणू नका हो.” त्या ओशाळून हसतात आणि म्हणतात, “मेली सवयच लागलीय गं, जात नाही.”